जुनी हार्ड डिस्क डॉकमध्ये लावल्यावर रिकामी दिसते: सदोष डॉक परत घेण्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
(दोन खाचांचा यूएसबी हार्ड डिस्क डॉक बनवणारी कंपनी)

विषय: 2 टीबीपेक्षा मोठ्या जुन्या डिस्कवरील माहिती न वाचणे, अपुरा ॲडॉप्टर आणि ग्राहक सेवेने दिलेला घातक सल्ला

महोदय,

आमच्या वाचनालयात जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आणि गावोगावच्या जत्रांतील नाटकांची ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांची दुसरी प्रत जुन्या डिस्कवर ठेवावी म्हणून आपला डॉक (सुटी डिस्क खाचेत लावून यूएसबीने संगणकाला जोडणारे उपकरण) घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, "संगणकातील कोणतीही साटा डिस्क काढा, लावा, वापरा." साटा म्हणजे संगणकाच्या आत डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत. 2 टीबीच्या वरच्या डिस्कबाबत हे विधान खरे नाही.

डेस्कटॉपमधून काढलेली 3.5 इंची, 3 टीबीची डिस्क डॉकमध्ये बसवली. तिच्यावर जीपीटी पद्धतीचे (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात ते नोंदवण्याची नवी पद्धत) एकच एनटीएफएस पार्टिशन (विंडोजच्या नेहमीच्या फाइल-रचनेचा भाग) आहे आणि ते फाइलींनी भरलेले आहे. डॉकमधून मात्र विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला नुसते 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' दिसते, एकही फाइल दिसत नाही. तीच डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टला परत जोडली की सगळे जागच्या जागी असते. केबल बदलली, दुसरी खाच वापरली, दुसऱ्या संगणकावर आणि लिनक्सवरही पाहिले. फरक पडला नाही.

कारण आपल्या डॉकमधल्या ब्रिज चिपमध्ये, म्हणजे साटा आणि यूएसबी यांच्यात दुभाषाचे काम करणाऱ्या चिपमध्ये आहे. डिस्क स्वतः संगणकाला 512 बाइटचे लॉजिकल सेक्टर (ज्या तुकड्यांच्या मापाने संगणक डिस्कवरील जागा मोजतो ते) सांगते. आपली चिप 2 टीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की आठ-आठ सेक्टर एकत्र करून ते 4096 बाइटचे असल्याचे भासवते. जीपीटीचे हेडर (पार्टिशनच्या नोंदींची सुरुवात) सेक्टर क्रमांक 1 मध्ये असते; मोजणी 0 पासून होते. साटावर तो सेक्टर 512व्या बाइटपासून सुरू होतो, आपल्या डॉकमधून 4096व्या बाइटपासून. विंडोज तिथे हेडर शोधते आणि ते तिथे नसते. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या (आदेश टाइप करण्याच्या खिडकीतल्या) गेट-डिस्क आदेशाने लॉजिकल सेक्टरचे माप विचारल्यास साटावर 512 आणि डॉकवर 4096 असे उत्तर मिळते. दोन्हींची चित्रे सोबत जोडली आहेत.

ही क्लृप्ती कशासाठी होती हे आम्हाला माहीत आहे. एमबीआरमध्ये (पार्टिशन नोंदवण्याच्या जीपीटीआधीच्या पद्धतीत) सेक्टरचा क्रमांक 32 बिटांचा असतो, त्यामुळे 512 बाइटच्या सेक्टरने सुमारे 2.2 टीबीपर्यंतच जाता येते. नेहमीच्या 32 बिट विंडोज एक्सपीला जीपीटी डिस्क वापरता येत नव्हती. सेक्टर आठपट मोठा दाखवला की तिथेही मोठी डिस्क चालून जाई. पण मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आधार देणे 2014 मध्ये थांबवले. त्यानंतर बनलेल्या डॉकमध्ये ही क्लृप्ती न सांगता चालू ठेवण्याचे कारण काय?

आपल्या प्रतिनिधीने ईमेलने कळवले की "आजच्या डिस्कचे सेक्टर 4096 चेच असतात, त्यामुळे हे योग्य आहे." इथे फिजिकल (डिस्कवरचा प्रत्यक्ष) आणि लॉजिकल (संगणकाला सांगितलेला) सेक्टरची गल्लत झाली आहे. आमच्या डिस्कचा फिजिकल सेक्टर 4096 चाच आहे, पण पार्टिशन टेबल लॉजिकल सेक्टरच्या हिशेबाने लिहिलेले असते आणि तो 512 चा आहे.

त्याच ईमेलमधला पुढचा सल्ला जास्त गंभीर आहे: "डिस्क डॉकमध्येच फॉरमॅट करून घ्या." भरलेल्या डिस्कच्या मालकाला हे सांगणे म्हणजे रुग्णाला विष लिहून देणे. डिस्क रिकामी असली तरी पुढे अडचण आहेच. डॉकमध्ये एमबीआर पद्धतीने फॉरमॅट केल्यास पार्टिशन 1 एमबीवर, म्हणजे 4096 च्या हिशेबाने सेक्टर 256 वर सुरू होते आणि टेबलात 256 हा आकडा लिहिला जातो. उद्या डॉक बिघडला आणि डिस्क थेट साटाला लावली, की संगणक 256 गुणिले 512, म्हणजे 128 केबीवर पार्टिशन शोधेल. खरी जागा सेक्टर 2048 वर असेल. विंडोज डिस्क 'रॉ' (फाइल-रचना न ओळखलेली) आहे म्हणेल आणि फॉरमॅट करू का विचारेल. घाबरलेला माणूस 'हो' दाबतो. लिनक्सवर लॉसेटअप आदेशाला सेक्टरचे माप 4096 सांगून, केवळ वाचनासाठी डिस्क उघडून फाइली काढता येतात, पण हा उपाय आपल्या माहितीपुस्तिकेत कुठेच नाही. जो बॅकअप एका विशिष्ट डब्याशिवाय वाचता येत नाही, तो बॅकअप म्हणून विकू नये.

ॲडॉप्टरचीही तक्रार आहे. सोबत 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा ॲडॉप्टर दिला आहे. जुनी 3.5 इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर एकटीच 2 अँपिअरच्या आसपास खेचते. डिस्कच्या लेबलवरचा कमी आकडा फिरत्या अवस्थेतला असतो. गोव्यात पावसाळ्यात वीज क्षणभर जाते आणि येते. त्या वेळी दोन्ही डिस्क एकदम सुरू होऊ पाहतात, व्होल्टेज पडते, डॉक रीसेट होतो आणि चालू कॉपी अर्धवट तुटते. डॉक यूपीएसवर घेतल्याने हे टळते, पण संगणक झोपेतून उठल्यावर तोच प्रकार घडतो. दोन खाचांना किमान 4 अँपिअर हवेत, किंवा चिपने एकामागून एक डिस्क सुरू करायला हवी.

शिवाय डॉक डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या) संगणकापर्यंत जाऊ देत नाही. नव्या डिस्कला हे एक वेळ चालेल. जुन्या डिस्कवर भरवसा ठेवायचा की नाही हे 5 (बदललेले खराब सेक्टर), 197 (संशयित सेक्टर) आणि 198 (दुरुस्त न होणारे सेक्टर) या क्रमांकांच्या नोंदींवरूनच ठरते. शेवटच्या दोन शून्याच्या वर चढू लागल्या की त्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवायची नसते. आम्ही या नोंदी साटा पोर्टवर तपासल्या आणि दीर्घ स्व-चाचणीही तिथेच केली. जुन्या डिस्कसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत हे करता येऊ नये, हे नवल आहे.

आमची मागणी अशी. लॉजिकल सेक्टर आहे तसा पुढे देणारे फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम), ते बसवण्याच्या सूचना आणि पुरेशा क्षमतेचा ॲडॉप्टर द्यावा. फर्मवेअर देता येत नसेल तर डॉक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. निम्म्या किमतीचे कूपन आम्हाला नको. खोक्यावरील विधान बदलावे. फॉरमॅट करण्याचा सल्ला ग्राहक सेवेच्या ठरावीक उत्तरांतून आजच काढावा, कारण तो आणखी कुणाला मिळाला तर त्याच्या फाइली जातील.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. ती आमच्याच जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे आपल्या मुख्यालयाचे शहर कोणते हा प्रश्न येणार नाही.

आपले,
संगणक विभाग, सार्वजनिक वाचनालय
म्हापसा, बार्देश, गोवा

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचे छायाचित्र, गेट-डिस्कच्या उत्तराची दोन चित्रे, प्रतिनिधीचा ईमेल