‘पालकांच्या ताब्यात दिले’ या शेऱ्याबद्दल : महिला व बालविकास आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय/महोदया,

पुणे स्टेशनच्या फलाटावर किंवा स्वारगेटला एकटे मूल सापडले, तर २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) न्यायचे, असे बाल न्याय अधिनियम २०१५ सांगतो. पुढे घरचा पत्ता लागला की फाइलवर शेरा पडतो, ‘पालकांच्या ताब्यात दिले’. कागदावर प्रकरण मिटते. ज्या घरातून मूल जीव मुठीत धरून पळाले, त्याच घरात ते परत गेले असेल, तर त्याच्यासाठी काहीच मिटलेले नसते. दुसऱ्यांदा पळताना ते कुणालाही खरा पत्ता सांगत नाही. अठरा-वीस वर्षांचे होऊन फुटपाथवर भेटते, तेव्हा अंगावर ब्लेडचे वण असतात आणि मोठ्या माणसांवरचा विश्वास संपलेला असतो.

घर म्हणजे सुरक्षित जागा, हे गृहीतकच तपासायला हवे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका ४ ते १२ पट आढळला. आघात म्हणजे फक्त अंगावरचा मार नव्हे. आईला रोज मार खाताना बघणे, घरात दारू असणे, हेही त्यात मोजले होते.

याचा परिणाम रस्त्यावर कसा दिसतो, ते कर्मचाऱ्यांना शिकवलेच जात नाही. वर्षानुवर्षे पावलांच्या आवाजावरून धोका ओळखणारे मूल मोठेपणीही सावधच झोपते. निवारा केंद्रात पहाटे खांदा हलवून उठवले की ते हात उगारते आणि ‘भांडखोर’ ठरून बाहेर जाते. ओरडल्यावर काही जण नजर एका जागी लावून गप्प होतात, ऐकूच येत नसल्यासारखे. तो उद्धटपणा नसतो. मन तिथून निघून गेलेले असते. स्पर्श न करता दोन हात अंतरावरून नावाने हाक मारणे आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवणे, यांना खर्च नाही.

नशेसाठी सोल्युशन (पंक्चर चिकटवायचा गोंद) हुंगण्याचेही तसेच. त्याने भूक मरते, आठवणी बोथट होतात, थोडी झोप लागते. ‘आधी नशा सोड, मग समुपदेशन’ असा क्रम लावला की मुलाकडचा एकमेव आधार आपण काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. दोन्ही एकत्रच चालायला हवे.

पहिल्याच भेटीत ‘घर का सोडलंस?’ विचारू नये. आधी जेवण, झोपायची जागा, जखमा, आणि ‘रात्री कुणाची भीती वाटते का?’ हा प्रश्न. अठराच्या आतल्या मुलाला सुरुवातीलाच सांगावे की लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने तो कळवणे आम्हाला बंधनकारक आहे. हे नंतर कळले, तर त्याला फसवल्यासारखे वाटते आणि ते पुन्हा येत नाही. आत्महत्येचा विचार मात्र पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत विचारावा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १८ नुसार बेघरांना उपचार मोफत मिळायला हवेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरीही. पण ओपीडी सकाळची आणि हमालीची मजुरीही सकाळचीच, त्यामुळे उपचार सुटतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. तेवढा धीर द्यायला रोज भेटणारे कुणीतरी हवे. फुटपाथवर महिन्याभराच्या गोळ्या एकदम देऊ नयेत. त्या चोरीला जातात, विकल्या जातात, किंवा एका वाईट रात्री सगळ्या एकदम घेतल्या जातात. सात दिवसांच्याच द्याव्यात. झोपेच्या गोळ्या दारूसोबत श्वास मंदावतात, म्हणून तिथे दुप्पट काळजी.

अठराव्या वाढदिवसाला बालगृह सुटते. अनुरक्षण, म्हणजे बालगृहानंतरचा आधार, २१ वर्षांपर्यंत देता येते, पण तिथे समुपदेशक बदलला तर मुलाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. अनाथांना राज्यात एक टक्का आरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचे आई-वडील जिवंत आहेत आणि त्यांच्यापासूनच जिवाला धोका आहे, तो कागदोपत्री अनाथ ठरत नाही. त्याला दाखला कोण देणार?

मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या सामाजिक तपासणी अहवालाला कायद्याने १५ दिवस दिले आहेत. तेवढ्यात घरभेट, शेजारी आणि शाळा यांच्याशी बोलणे आणि मुलाशी पालकांच्या गैरहजेरीत किमान दोनदा बोलणे झालेच पाहिजे, असे परिपत्रक आपण काढावे. आणि ‘पालकांच्या ताब्यात दिले’ या शेऱ्याखाली चार रकाने छापावेत : पहिला आठवडा, पहिला महिना, तिसरा, सहावा. प्रत्येक रकान्यात भेटीची तारीख, मूल एकटे भेटले की नाही, आणि ते काय म्हणाले, त्याच्याच शब्दांत.

आपले,
पुण्यातील बेघर तरुणांसोबत काम करणारे समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते