शेणखत घालायच्या आधी चार घेवडे पेरून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची तासगावची, सध्या इंग्लंडात लेस्टरला राहते, आणि तुमचा ई-पेपर रोज सकाळी चहाबरोबर वाचते. गेल्या रविवारी पुरवणीत गच्चीवरच्या भाजीपाल्याबद्दल जो लेख आला तो पुण्यातल्या माझ्या बहिणीने मला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण त्याच्या आदल्याच दिवशी तिने नर्सरीतून शेणखताच्या सहा गोण्या आणून जिन्यात रचल्या होत्या (सोसायटीवाले बोंबलतायत ते वेगळं). लेख चांगलाच आहे, कुंडीतल्या मातीचं प्रमाण वगैरे छान समजावलंय. पण त्यात म्हटलंय की शेणखत जितकं घालाल तितकं कमीच, त्याने कधी नुकसान होत नाही, आणि पुढे म्हटलंय की टोमॅटोची पानं आकसली की तो व्हायरस समजायचा. ह्याच दोन समजुतींपायी माझा अख्खा एक उन्हाळा वाया गेलाय म्हणून हे पत्र.

इथे कौन्सिलकडून भाजी लावायला जमिनीचा तुकडा वर्षाच्या भाड्याने मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. माझ्याकडे अर्धा प्लॉट आहे, १२५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात सव्वा गुंठा. गावाकडे आमच्या आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यात आमची बैलगाडी वळायची न्हाई." पण सव्वा गुंठ्यात बटाटे, घेवडा, मेथी, टोमॅटो, थोडा मका, लसूण एवढं सगळं बसतं आणि ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांना वाटून उरतं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये आम्ही एका घोड्यांच्या तबेल्यातून दोन ट्रेलर लीद आणली. इथे गावाबाहेर तबेल्याच्या फाटकावर पाटीच असते, फुकट न्या म्हणून. चांगली कुजलेली, काळी, भुसभुशीत, वास नाही, गांडुळं वळवळतायत, आबांनी पाहिली असती तर खूश झाले असते अशी. लसणाचा वाफा तेवढा आधीच लागला होता म्हणून तो सोडला, बाकी सगळीकडे चार-चार बोटं थर दिला आणि हिवाळाभर निवांत बसलो.

मे संपता संपता बटाट्याचे शेंडे विचित्र दिसायला लागले. पान उघडायचंच नाही, नेच्याचा कोवळा कोंब कसा आत गुंडाळलेला असतो तसं. मग घेवडा. पहिली दोन पानं बरी आली आणि तिसरं आलं ते वाटीसारखं वर वळलेलं, शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या समांतर, जणू कुणी ओलं फडकं पिळून तसंच वाळत टाकलंय. टोमॅटोचा दांडा तर दोरीसारखा पीळ खाऊन आडवा. शेजारच्या प्लॉटवरचे गुजराती काका, युगांडातून आलेले, चाळीस वर्षं इथेच भाजी करतायत, ते म्हणाले व्हायरस, उपटून टाक. मी अर्धी झाडं उपटली. उरलेल्यांवर आपल्या पुरवण्यांमध्ये नेहमी सांगतात ते सगळं केलं, कडुनिंबाचं तेल, ताक, राख. काहीच होईना.

शेवटी आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची द्राक्षबाग चाळीस वर्षांची. म्हणाले, "कॅमेरा शेंड्याजवळ ने. अजून जवळ." दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "हा रोग न्हाई पोरी. टू-फोर-डी गावलंय ह्याला. शेजारी ऊस हाय का कुणाचा?" लेस्टरमध्ये ऊस! मी हसायलाच लागले. तर म्हणाले, "हसू नको, मका कसा हाय ते सांग." मका एकदम सरळ उभा होता, हिरवागार, आणि हे मला तोपर्यंत विचित्र वाटलंच नव्हतं. "झालं की मग," म्हणाले.

आमच्याकडे सांगली भागात हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. शेजारच्या उसात कुणी वारं असताना टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की द्राक्षाचं पान पंख्यासारखं होतं आणि शेंडा वळतो. विदर्भातल्या कापूसवाल्यांना विचारा, कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं बोटं-बोटं होतं. म्हणून जुनी माणसं तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात, कितीही धुतला तरी त्याने बागेत फवारत नाहीत. ही औषधं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात, रुंद पानाचं झाड त्याने वेडंवाकडं वाढत जाऊन मरतं आणि गवताच्या जातीचं, म्हणजे ऊस, मका, गहू, ज्वारी, त्यांना फारसं काही होत नाही.

पण माझ्या प्लॉटजवळ कुणी काही फवारलंच नव्हतं. मग रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ह्या इथल्या बागकामाच्या संस्थेची माहिती शोधली आणि सगळं जसंच्या तसं तिथे लिहिलेलं, फोटोसकट. खतातून आलेल्या त्या औषधाचं नाव अमिनोपायरॅलिड, तेही टू-फोर-डीसारखंच तणनाशक. कुरणात थिसल, डॉक, नेटल असली तणं माजतात, रॅगवर्ट नावाचं एक तण तर घोड्याला विषारीच असतं, म्हणून शेतकरी कुरणावर मारतो (त्याचंही चूक नाही म्हणा, जनावर मेलं तर कोण भरून देणार). गवत टवटवीत राहतं, त्याचं वाळकं गवत करून विकतात, जनावर ते खातं, जनावराला काही होत नाही. आणि औषध जनावराच्या पोटातून जसंच्या तसं शेणा-मुतात उतरतं! पोटात मोडत नाही, उकिरड्यात मोडत नाही, कारण गवताच्या काडीतल्या चिवट भागाला ते धरून बसतं आणि काडी पूर्ण कुजून मातीतल्या जिवाणूंच्या तावडीत सापडेपर्यंत सुटत नाही. उलट ढीग कुजून निम्मा होतो तेव्हा उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढूही शकतं. म्हणजे "चांगलं कुजलेलं खत" ही जी आपली खात्रीची खूण ती इथे उपयोगाचीच नाही.

आणि लागतं किती, तर अब्जात काही भाग. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा आणि त्यात एक थेंब टाका, म्हणजे अब्जात पाच भाग झाले. तेवढ्यात घेवडा आणि टोमॅटो वाकडे होऊ शकतात. डोळ्याला, नाकाला, गांडुळाला कशालाच कळत नाही.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात १९९९-२००० च्या सुमारास ह्याच कुळातल्या क्लोपायरॅलिडने म्युनिसिपालिटीचं कंपोस्ट नासलं, लोकांच्या लॉनवर मारलेलं औषध कापलेल्या गवतातून कंपोस्टात गेलं, आणि २००२ मध्ये त्या राज्याने लॉनवर ते वापरायला बंदी केली. २०१२ साली व्हरमाँट राज्यातही अशाच तणनाशकांनी कंपोस्ट नासलं. इथे ब्रिटनमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात अलॉटमेंटवाल्यांच्या एवढ्या तक्रारी आल्या की कंपनीला विक्री थांबवावी लागली. नंतर कडक अटींवर परवानगी मिळाली, त्यात एक अट अशी की फवारलेलं गवत खाल्लेल्या जनावराचं खत शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही. अट कागदावर छान आहे. पण वाळकं गवत व्यापाऱ्याच्या हातून तिसऱ्याकडे गेलं की चिठ्ठी कोण पुढे पाठवतं? आमच्या तबेल्याच्या मालकिणीला मी विचारलं तर ती बिचारी रडकुंडीला आली, तिला गवत कुठल्या शेतातलं हेच माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल हे इंग्लंडचं रडगाणं आमच्या वाचकाला कशाला. मुद्दा तोच आहे. आपल्याकडे टू-फोर-डी आणि ॲट्राझिन ही तणनाशकं ऊस-मक्यात सर्रास वापरतात. टू-फोर-डी मातीत साधारण काही आठवड्यांत मोडतं, त्यामुळे वर्षभर मुरलेल्या शेणखताची मला तितकी भीती नाही, आणि उगाच घाबरवायचंही नाहीये. पण शहरात जे मिळतं ते वर्षभर मुरलेलं असतं का? गोणीत हात घालून बघा, बऱ्याचदा आत गरम लागतं. बांधावरचं गवत कापायला माणूस मिळत नाही म्हणून लोक आता बांधच फवारतात आणि पुढच्या आठवड्यात तिथेच म्हैस सोडतात. गच्चीवर आच्छादनाला पाचट आणतात, ते कुठल्या फडातलं कुणी विचारत नाही. सोसायटीच्या लॉनवर माळी तणनाशक मारतो आणि ते कापलेलं गवत फुकट मिळालं म्हणून आपण टोमॅटोच्या बुडाशी घालतो, हे तर माझ्या बहिणीने स्वतः केलंय.

आणि सरकारी तपासणीत हे पकडलं जाईल म्हणावं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये सेंद्रिय खताचे निकष दिलेत त्यात ओलावा आहे, सामू आहे, कर्ब-नत्र गुणोत्तर आहे, शिसं, कॅडमियम, पारा असे जड धातू आहेत, तणनाशकाच्या अंशाचा रकानाच नाही. तो असायला पाहिजे, निदान शहरात पॅकबंद विकल्या जाणाऱ्या कंपोस्टला तरी, आणि ह्यावर तुमच्या पेपरने कृषी खात्याला विचारावं असं मला वाटतं. नर्सरीतल्या सुट्या गोणीला तर कुठलाच निकष कुणी लावत नाही.

तोपर्यंत घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे, खर्च शून्य. नवीन खत आणलं की लगेच वाफ्यात घालू नका. दोन-तीन कुंड्यांत निम्मं खत आणि निम्मी आपली नेहमीची, खात्रीची माती, आणि दोन कुंड्यांत नुसती तीच माती. सगळ्यांत तीन-तीन घेवडे पेरायचे (चवळीही चालेल), प्रत्येक कुंडीखाली वेगळी ताटली, एकीचं पाणी दुसरीत जायला नको. तीन-चार आठवडे थांबायचं. पहिल्या पानांवर जाऊ नका, ती बियातच तयार असतात, त्यानंतर एका देठाला तीन-तीन अशी येतात ती पानं बघायची. खताच्या कुंड्यांतली वाटीसारखी वळली आणि नुसत्या मातीतली सपाट असली तर ते खत परत करा.

आणि व्हायरस की तणनाशक हे ओळखायला आबांचा मक्याचा प्रश्न लक्षात ठेवा. मिरचीवरचा चुरडा-मुरडा पांढरी माशी, फुलकिडे, कोळी यांच्यामुळे येतो, एका झाडावरून दुसऱ्यावर पसरत जातो, आणि मिरचीला झालेला घेवड्याला त्याच दिवशी होत नाही. तणनाशकाने मात्र एकाच वेळी वाफ्यातली सगळी रुंद पानाची पिकं वाकडी होतात, गवताच्या जातीचं सरळ राहतं आणि बिनखताच्या वाफ्याला काहीच होत नाही. माझा लसूण मस्त आला होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

माझ्या प्लॉटचं म्हणाल तर ती माती आम्ही वर्षभर पुन्हा पुन्हा खणली, हवा आणि जिवाणू लागतील तितकं ते लवकर मोडतं म्हणून, आणि तिथे नुसता मका लावला. वाकडी झाडं कंपोस्टात टाकली नाहीत, नाहीतर तेच चक्र पुन्हा सुरू. ह्या वर्षी एका कोपऱ्यात घेवडा पेरून बघितला, अजून जरा आकसतोय.

बहिणीने सोमवारी पाच कुंड्या भरल्या. काल रात्री फोटो आला, सगळीकडचा घेवडा वर आलाय, दलं उघडलीत, खरी पानं अजून यायचीत. सेक्रेटरींना तिने सांगितलंय की गोण्या अजून तीन आठवडे जिन्यातच राहतील, फारच वास आला तर उदबत्ती लावा.

आपली,
एक वाचक
लेस्टर (मूळ तासगाव, जि. सांगली)