बोटीवरचं जीपीएस आणि होकायंत्र : सर्व सदस्यांनी वाचावे

मंडळी, रविवारी उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये बचावाचा सराव आहे. पहाटे ५ ला सोलापुरातून निघायचं, उशीर करणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही.

मागच्या सरावातला घोळ आठवतोय ना? किनाऱ्यावरून वॉकीटॉकीवर अक्षांश '१८ पॉइंट १०' सांगितला, बोटीवर तो १८ अंश १० मिनिटं म्हणून भरला गेला. १८.१० अंश म्हणजे १८ अंश ६ मिनिटं. फरक ४ मिनिटांचा, पण पाण्यावर तो जवळपास साडेसात किलोमीटर होतो! खरंच कुणी बुडत असतं तर? यापुढे अंश, मिनिटं शब्दांत बोलायची आणि ऐकणाऱ्याने आकडे परत म्हणून दाखवायचे.

होकायंत्राजवळ मोबाईल, वॉकीटॉकी, भोंगा ठेवू नका, काटा फिरतो. बोट उभी असताना जीपीएस दाखवतो त्या दिशेवर विसंबू नका. ती चालत्या बोटीवरच खरी.

पावसाळ्यात जीपीएसमध्ये साठवलेला जुना ट्रॅक (बोटीचा मार्ग) आता डोळे झाकून पकडू नये. पाणी उतरलंय, बुडालेली झाडं आणि जुनी बांधकामं वर आलीत. पुढे एकाने बांबू घेऊन बसायचंच.

बॅटऱ्या शनिवारी रात्री चार्ज करा. सुटे सेल डब्यात ठेवा, पिशवीत नकोत.