आईला कोरडी जागा शोधून देणाऱ्या काकाजींना

काकाजी, दंडवत प्रणाम.

आईला जाऊन दहा महिने झाले. त्या दिवशी तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. आज बोलते, आणि गावानेही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर बोलते.

आमची रीत महानुभावांची, भूमीडागाची, म्हणजे न जाळता पुरण्याची. दरवर्षी पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला जाणाऱ्या आईने शेवटच्या महिन्यात दोनदा बजावलं होतं, "मले जाळू नका." पण ती गेली ऐन श्रावणात. नाल्याकाठच्या जुन्या दफनभूमीत गुडघाभर पाणी. शेजारच्या गावाने "तुमचं तुम्ही पाहा" म्हणून परत पाठवलं. शेवटी भाऊ म्हणाला, चिताच रचू. आई ओसरीत झाकून ठेवलेली आणि आम्ही बहीणभाऊ तिच्या उशाशी भांडत होतो.

तेवढ्यात तुम्ही सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खांद्यावर टाकून आलात. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीच्या, ज्या टेकाडावर तुम्ही हापशीचं पाणी वाहून कडुनिंब, करंज वाढवलेत, तिथे सब्बल मारत फिरलात. तीन ठिकाणी ती काळ्या मातीत सुळकन गेली आणि भोकात पाणी भरलं. चौथ्या ठिकाणी खणकन वाजली. तुम्ही मूठभर मुरूम काढून माझ्या तळहातावर ठेवलात. "पाय पोरी, कोरडा हाय. तुया मायले इथं बरं वाटन." त्या मुठीने आमचं भांडण मिटलं.

मुरमात खोदणं सोपं नाही. भर पावसात चौघांनी आळीपाळीने पाच फूट खोदलं. दुकान उघडायला लावून मिठाची पोती आणलीत, आणि कुत्री-डुकरं उकरू नयेत म्हणून वरून बोराटीच्या काट्या रचल्यात. ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करायची, हेही तुम्हीच आठवणीने सांगितलंत.

पण माझ्या मनात जास्त राहिलं ते पंधरा दिवसांनंतरचं. भावाला फरशीचा ओटा आणि नावाची पाटी हवी होती. मी धारणीला शिकवते. मेळघाटात कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागाचा कोरीव मुंडा उभारतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार. मला आईसाठी तसा खांब हवासा वाटला. बाबांना काहीच नको होतं, फक्त तिच्या शेजारची जागा.

कोणालाही तुम्ही नाही म्हटलं नाही. भावाला समजावलंत की खोदलेली माती खाली बसते, आत्ता फरशी टाकली तर ती तडकेल, एक पावसाळा अन् एक उन्हाळा जाऊ दे. मला विचारलंत, "मुंडा त्यायच्या रीतीचा हाय, आपल्या मायले काय आवडे?" आईला बकुळ आवडायची. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. आणि बाबांसाठी न बोलता आईच्या डावीकडे दोन हात जागा सोडून तीन दगड मांडलेत. ते दगड पाहून बाबा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मजुरी विचारली तर फक्त चहा मागितलात. हे उपकार कसे फेडायचे, काकाजी?

उन्हाळा सरला. माती चांगली वीतभर खाली बसली आहे, भावाने परवा पाहिलं. ओट्याचं तो आता बोलत नाही. मृग लागला की मी येते. बकुळीचं रोप घेऊन ठेवलं आहे. मुळांना जागा मिळावी म्हणून पायाकडे दोन हात सोडून लावायचं म्हणाला होतात, तो खड्डा तुम्हीच दाखवा. खोदायला भाऊ येतो आहे. बाबाही येतील.

तुमची,
धारणीची पोर