सुताराची वही रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खामगावच्या कापूस बाजारावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. जलंबहून खामगावला १८७० साली आलेला रेल्वेचा फाटा, त्या वेळी इथवर आलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो, अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेले आणि ते संपताच कोसळलेले कापसाचे भाव, हे सगळं त्यात आहे. पण रुळापर्यंत कापूस आणला कुणी? बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं. ती बंडी घडवणारा सुतार, तिच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, बसवणारा लोहार, जू-जोते आवळायचे दोर वळणारा, यांच्याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही. याचं मला वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

माझं माहेर खामगावचं, सुताराचं. आजोबांची १९१८ ते १९२६ ची हिशेबवही माझ्याकडे आहे. मोडीत लिहिलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तिच्यात डाव्या बाजूला रोकड आणि उजव्या बाजूला ज्वारी आहे. लाखनवाडा, पिंपळगाव राजा इकडचे जुने शेतकरी वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करून घेत आणि सुगीला खळ्यावरून धान्य देत. अडत्या आणि जिनवाले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांचे मालक, मात्र रुपये-आणे मोजत. एकाच माणसाच्या एकाच वहीत हे दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. बलुत्याकडून रोकडीकडे गाव कसं सरकलं हे मी शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, पण मला ते खरं कळलं या वहीमुळे.

त्या वहीत खूण म्हणून एका अडतीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घातलेली आहे. शेतकऱ्याच्या कापसाच्या रकमेतून हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय वजा केलंय आणि त्याखाली लिहिलंय, ‘सुतार, रुपये सात’. म्हणजे दोन चाकांचे पैसे शेतकऱ्याच्या हाती न पडता अडत्यानंच परस्पर कापून आजोबांना दिले. आजोबांचा पैसा बुडाला नाही, पण तो शेतकरी घरी काय घेऊन गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्यानं मापारी-दलालांना परवाने आले, बाजाराला नियम आले. त्या कायद्यावर लिहिणाऱ्यांनी अशी एक पट्टी तरी हातात धरून पाहावी.

धाव चढवायचा दिवस वडील नेहमी सांगायचे. गोवऱ्यांच्या गोल आरात लोखंडी कडं लाल होईतो तापवायचं, चौघांनी सांडशीनं उचलून बाभळीच्या चाकावर घालायचं, लाकूड पेटायच्या आत घणानं ठोकून पाणी ओतायचं. कडं आकसलं की आरे करकरत तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, घट्ट बसत. लोहार शेजारचाच होता. पोळा झाला की दिवाळीपर्यंत दोघांनाही झोप नसे, कारण कापूस निघायच्या आत बंड्या तयार हव्यात.

त्या लोहाराचं घर काही वर्षांपूर्वी रस्त्यात गेलं. माळ्यावर पोतंभर वह्या होत्या. घरच्यांनी त्या किलोवर विकल्या. मी पोचले तेव्हा रद्दीवाल्याचा टेम्पो निघून गेला होता. घरच्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा इतिहास आहे. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचे कागद कुठं ना कुठं टिकतात. कारागिरांचे टिकत नाहीत.

आपल्या वृत्तपत्रानं खामगाव, कारंजा, अमरावती, यवतमाळ इथल्या वाचकांना आवाहन करावं, ही माझी विनंती. घरात सुताराची, लोहाराची, शिंप्याची, तेल्याची, रंगाऱ्याची जुनी वही असेल तर ती विकण्याआधी तिच्या पानांचे फोटो तरी काढून ठेवा. नागपूरला विदर्भ संशोधन मंडळ आहे, तिथं विचारा. मोडी वाचता येत नसेल तर मी वाचून देईन, पैसे नकोत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते आहे. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे एका बैठकीत चार पानं होतात, पण होतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अकोला