पिलं कुठायत? अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. ब्रूक रोलिन्स मॅडम,
सप्रेम नमस्कार.

इंग्लिशमधलं पत्र तुमच्या ऑफिसला पाठवतेच आहे, पण इथे मराठीतही टाकतेय, कारण युटाह-कोलोरॅडोतली आपली बरीच मंडळी सप्टेंबरअखेर अ‍ॅस्पेनची पिवळी पानं बघायला जातात, रील बनवतात आणि घरी येतात, त्या झाडांचं काय चाललंय याचा पत्ताच नसतो. मलाही नव्हता. (आपल्या वाचकांसाठी: इथलं वनखातं कृषी खात्याच्या पोटात आहे, म्हणून जंगलाचं गाऱ्हाणं कृषिमंत्र्यांकडे.)

मागच्या वर्षी युटाहमधल्या फिश लेकला गेलो होतो. रस्त्याकडेला गाडी लावून आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं बघ, हे सगळं मिळून अ‍ॅस्पेनचं एकच झाड आहे, 43 हेक्टर, जवळपास 47,000 खोडं आणि खाली मूळ एकच, नाव पांडो, म्हणजे लॅटिनमध्ये 'मी पसरतो'. आमची जळगावकडे केळीची बाग, त्यामुळे आईला आश्चर्यबिश्चर्य काही वाटलं नाही. म्हणाली, म्हणजे पिलबागच की गं (जुन्या केळीच्या बुडातून फुटलेल्या पिलांची, म्हणजे कोंबांची बाग). आणि लगेच पुढचा प्रश्न, मग पिलं कुठायत?

मी फोन खाली धरून फिरवला. पांढरी जाड खोडं, खाली गवत, मध्ये काहीच नाही. शाळेत नुसते आजोबा भरलेत आणि पहिलीच्या वर्गात एकही पोर नाही, असं काहीतरी.

मग घरी येऊन वाचत बसले. एक खोड साधारण 100-130 वर्षं जगतं. मोठं खोड मेलं, तुटलं किंवा जळलं की वरून मुळांकडे जाणारा हार्मोनचा दाब सुटतो आणि मुळातून कोंब फुटतात, अगदी केळीसारखं. म्हणजे कोंब येतात हो, पण म्यूल डिअर नावाची हरणं आणि वर्षातले काही दिवस गुरं ते खाऊन टाकतात, तोंडाच्या उंचीच्या वर जाऊच देत नाहीत. आम्ही केळीत जास्तीची पिलं विळ्याने कापत बसतो आणि इथे एक पिलू वाचवायला मारामार! युटाह स्टेट युनिव्हर्सिटीच्या पॉल रॉजर्स आणि डॅरेन मॅकअ‍ॅव्हॉय यांनी 2018 मध्ये 72 वर्षांचे विमानातून काढलेले फोटो एकापुढे एक ठेवून दाखवलं की पांडो विरळ होत चाललाय.

आता कुंपण. 2013 पासून काही भागाला आठ फुटी कुंपण घातलंय, आत थोडी तोड, थोडी जाळणी, थोडी झुडपं काढून बघितली, आणि तिथे पिलं वर आली. म्हणजे उपाय चालतो! पण काही ठिकाणी कुंपण नीट राहिलं नाही, हरणं आत शिरली, आणि निम्म्याच्या आसपास भागाला कुंपणच नाही. रॉजर्स यांचंच म्हणणं आहे की अशाने एकाच झाडाचे तीन तुकडे पडतायत, तिघांचं नशीब वेगळं. आणि सगळ्यालाच कुंपण घालून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही, जंगल आहे ते, गोठा नाही.

खरी गोची हरणांची आहे. लांडगे इथून कधीच संपवले, आजूबाजूला कॅम्पग्राउंड आणि केबिन्स म्हणून शिकारही करता येत नाही, हरणांना बरोब्बर कळलंय की इथे कोणी हात लावत नाही. त्यात जमीन तुमची, हरणं युटाह राज्याच्या वन्यजीव खात्याची, गुरं परमिटवाल्या रँचरची. हे त्याच्याकडे बोट दाखवतं, ते ह्याच्याकडे, मंत्रालयात कामाला गेलेल्या कोणालाही हा खेळ नवा नाही. गाय-वासराला महिनाभर चारायची फी 2025 मध्ये 1.35 डॉलर होती, इथे एक कॉफीही येत नाही त्यात. पांडोपुरती चराईबंदी केली तर सरकारचं काय बुडणार आहे? आमच्या हिवरे बाजारने आख्ख्या गावात करून दाखवलीय.

आणि हो, जुलै 2025 चा तुमचा मेमो, त्यात वनखात्याची रिसर्च स्टेशनं फोर्ट कॉलिन्सला एकत्र करायचं आहे. शहर चांगलंय, माझी मैत्रीण राहते तिथे. पण अ‍ॅस्पेनचा रिसर्च म्हणजे दर वर्षी त्याच जागी गुडघ्यावर बसून कोंब मोजणं, किती खाल्ले किती वाचले ते लिहिणं, हे ऑफिसातून होत नाही आणि मध्ये दोन-तीन वर्षं खंड पडला की मग आधीच्या आकड्यांना तरी काय अर्थ. ह्या मोजणीचे पैसे तेवढे कापू नका, ते फार नसतात.

जवळच्याच मन्रो माउंटनवर रँचर, शिकारी, पर्यावरणवाले, राज्याचे अधिकारी एका टेबलाशी बसले आणि अ‍ॅस्पेनसाठी मुद्दाम आग लावण्यापर्यंत सगळं ठरवलं. पांडो आहे तोच फिशलेक नॅशनल फॉरेस्ट, तुमचंच खातं! मग पांडोसाठी तसं टेबल मांडायला काय हरकत आहे? 2014 पासून अ‍ॅस्पेन हा युटाहचा राज्यवृक्ष आहे, तेव्हा गव्हर्नरसाहेबांनाही एक खुर्ची ठेवा.

बाकी जमेल तेव्हा करा, पण कुंपणाची शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे, एवढं तरी कळवा. आई दर रविवारी विचारते.

आपली,
सॉल्ट लेकमधली एक जळगावकर