गाडी परदेशी न्यायची, तर आधी तिच्या पोटाखाली बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातली मुलं पूर्वी मुंबईला जायची आणि गणपतीला परत यायची. आता बरीच जण कायमची परदेशी जातात. घराची आवराआवर होते, भांडी वाटली जातात, आणि शेवटी अंगणातली जुनी गाडी उरते. नातेवाईक बिनदिक्कत सांगतात, भंगारात घाला. मी पावसला आयुष्यभर गॅरेज चालवलं. ज्या गाडीतून घरातली बाळंतीण रत्नागिरीच्या सिव्हिलला नेली, ती मुलाला सोबत न्यावीशी वाटली तर त्यात वेडेपणा काही नाही. तसं करता येतं. पण त्यासाठी जे करावं लागतं ते इथे, गाडी गाव सोडायच्या आधी करावं लागतं, आणि हे मुंबईचे एजंट सांगत नाहीत. म्हणून हे पत्र.

सध्या माझ्याकडे आमच्या गावच्या मास्तरांची १९९१ची प्रीमियर पद्मिनी आहे. मास्तर गेले. मुलगा आणि सून मेलबर्नला स्थायिक होत आहेत. मुलगा म्हणाला, "काका, एजंट म्हणतो गाडी फक्त न्हावा-शेवा बंदराला आणून द्या, पुढचं मी बघतो." मी त्याला म्हटलं, "बाळा, आधी आरसी, गाडीचं नोंदणीपत्र, दाखव." आरसी अजून मास्तरांच्या नावावर! बहुतेक घरांत हेच असतं. वडील गेल्यावर गाडी फिरत राहते, नाव कोणी बदलत नाही. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ भरावा लागतो, वारसांची कागदपत्रं लागतात. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा राहिला असेल तर तो फॉर्म ३५ने उतरवायचा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं पुनर्नोंदणीचं काम आणि हरित कर वेगळा. कागदावरचा मालकच हयात नसेल, तर निर्यातीचे कागद करणार कोण?

ऑस्ट्रेलियाचा नियम कडक आहे. तिथल्या सरकारची आयात मंजुरी हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवायचीच नाही. २५ वर्षांहून जुन्या गाडीला ही मंजुरी मिळण्याची वेगळी वाट आहे, आणि स्टिअरिंग तिथेही उजवीकडेच, त्यामुळे पद्मिनीला ते सोयीचं. (अमेरिकेतही २५ वर्षांची सवलत आहे, पण तिथे रस्त्याची बाजूच उलटी.) गाडीची किंमत, भाडं आणि विमा धरून त्यावर तिथला १० टक्के जीएसटी भरावा लागतो, हे खर्चाच्या हिशेबात आधीच धरावं.

आता माझ्या कामाचं बोलतो. अ‍ॅसबेस्टॉस म्हणजे उष्णता सोसणारं, पण फुप्फुसाला घातक असं तंतूंचं खनिज. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. जुन्या गाडीतही ते चालत नाही. आपल्या जुन्या गाड्यांत ते कुठे कुठे असू शकतं? ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये, हेड गॅस्केटमध्ये, सायलेन्सरच्या गॅस्केटमध्ये. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे आठ ब्रेक शू. ते सगळे बदलून बिनअ‍ॅसबेस्टॉसचे घालायचे, बिलं जपायची, उघडलेल्या प्रत्येक भागाचे फोटो काढायचे. संशय आला तर तिथले अधिकारी गाडी अडकवून मालकाच्या खर्चाने तपासणी करायला लावतात. आणि माझ्या गॅरेजवाल्या भावांना हात जोडून सांगतो, ड्रम उघडल्यावर आतली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

दुसरी अडचण आपल्या मातीची. परदेशी माती, बी, किडा त्यांना नको असतो. आणि आपली गाडी जांभ्याच्या लाल मातीत वाढलेली. मास्तरांच्या गाडीच्या मडगार्डच्या आत बोटभर जाड थर निघाला. रेडिएटरच्या जाळीत गवताची कुसळं, काचेखालच्या हवेच्या खाचेत आंब्याची कुजलेली पानं, दरवाज्याच्या बिजागरीशी कुंभारीण माशीची मातीची घरटी. नुसतं वॉशिंग करून हे जात नाही. सीटा काढाव्या लागतात, मॅटखालचं नमदं उचलावं लागतं, गाडी रॅम्पवर घेऊन हाताने खरवडावं लागतं. खाऱ्या हवेने पायरीखालचा पत्रा सडलेला असतो, तो कापून नवा पत्रा वेल्ड करा. लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला पत्रा तिथल्या रोडवर्दी तपासणीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या तपासणीत, टिकायचा नाही.

एवढं करून गाडी चालवत मुंबईला नेलीत तर सगळं वाया. महामार्गाची कामं चालू असतील तिथला चिखल पुन्हा पोटाला बसतो. गाडी ताडपत्रीत बांधून ट्रकवर चढवून न्या, आणि कंटेनरमध्ये घालण्याआधी तिकडे एकदा शेवटची धुवून घ्या. पद्मिनी चार मीटरच्या आत बसते, वीस फुटी कंटेनर तिला पुरतो. टाकीत पेट्रोल नावाला ठेवायचं, बॅटरीची टर्मिनलं सोडून गुंडाळायची. चाकांना लावायचे ठोकळे उष्णतेने प्रक्रिया केलेल्या, शिक्का मारलेल्या लाकडाचेच हवेत. डिकीत लोणच्याच्या बरण्या, आंबापोळी, देवघराचं सामान कोंबू नका. माया मला कळते, पण यादीत नसलेल्या एका डब्यासाठी आख्खा कंटेनर उघडला जातो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या परिवहन कार्यालयांना माझी विनंती आहे. वारस नोंद, बोजा उतरवणं, पुनर्नोंदणी आणि निर्यातीसाठी लागणारे दाखले, हे कोणत्या क्रमाने करायचं याचा मराठीतला एक फलक दर्शनी भागात लावा. त्यासाठी खर्च फार नाही. आज माणूस एका खिडकीवरून दुसरीकडे फिरतो, आणि कंटाळून गाडी कवडीमोलाने देऊन टाकतो.

ज्यांची मुलं पुढच्या वर्षी निघणार आहेत त्यांनी नाव बदलायचं काम आत्ताच सुरू करावं. पोटाखालचं काम पावसाळ्यात काढू नका, धुतलेला पत्रा वाळत नाही. दिवाळी झाली की ऊन मिळतं, तेव्हा गाडी रॅम्पवर घ्या.

आपला,
एक जुना मेकॅनिक, पावस (जि. रत्नागिरी)